छोटं बाळ, मोठं ऊन

सांगा पाहू! मे महिन्यातली दुपार आहे. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. घरात एकाच पंख्याखाली बाबा वर्तमानपत्र वाचत बसलेत आणि शेजारी सतरंजीवर आठ महिन्यांचं बाळ लोळतंय. उकाडा दोघांना सारखाच बाधेल का?

"हवा एकच, पंखाही एकच, मग उकाडाही एकच!" असं बहुतेक जण म्हणतील. पण तसं नसतं, दोस्तांनो. बाळाचं अंग बाबांच्या अंगापेक्षा कितीतरी लवकर तापतं. बाबा उठून माठातलं पाणी पितील, शर्ट काढून ठेवतील, खिडकी उघडतील. बाळाला यातलं काहीच करता येत नाही. "मला उकडतंय" एवढंही त्याला सांगता येत नाही. म्हणून त्याच्या वतीनं कुणीतरी लक्ष ठेवावं लागतं. ते काम तुम्हाला उत्तम जमेल. त्यासाठी आधी थोडं विज्ञान समजून घेऊ.

आधी एक प्रयोग

स्वयंपाकघरातून स्टीलची एक वाटी आणि एक मोठं पातेलं घ्या. दोन्हींत फ्रिजमधलं गार पाणी काठोकाठ भरा. दोन्ही भांडी गॅलरीत किंवा ओसरीवर सावलीत, पण बाहेरच्या झळा लागतील अशा जागी शेजारी शेजारी ठेवा. दर दहा मिनिटांनी दोन्हींत बोट बुडवून पाहा.

वाटीतलं पाणी आधी कोमट होतं. पातेल्यातलं बराच वेळ गार राहतं. असं का? बाहेरची उष्णता पाण्यात शिरते ती भांड्याच्या कडांतून आणि पाण्याच्या वरच्या थरातून, म्हणजे पृष्ठभागातून. वाटीत पाणी थोडं, पण त्या मानानं पृष्ठभाग मोठा. पातेल्यात पाणी खूप, आणि त्या मानानं पृष्ठभाग लहान. म्हणून वाटीतल्या प्रत्येक थेंबाच्या वाट्याला जास्त उष्णता येते.

आता हेच गणित माणसांचं करू. साठ किलो वजनाच्या मोठ्या माणसाच्या अंगावर साधारण १.६ चौरस मीटर त्वचा असते. तीन किलोच्या तान्ह्या बाळाच्या अंगावर साधारण ०.२ चौरस मीटर. दर किलो वजनामागे त्वचा किती, ते काढा. मोठ्या माणसाच्या वाट्याला सुमारे २६७ चौरस सेंटिमीटर येते. बाळाच्या वाट्याला येते सुमारे ६६७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे अडीचपट! झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा ए-फोर कागद साधारण ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. बाळाच्या प्रत्येक किलोमागे या कागदाहून थोडी मोठी त्वचा आहे आणि बाबांच्या प्रत्येक किलोमागे अर्ध्या कागदाहूनही कमी. हवा तापली की बाळाच्या अंगात उष्णता शिरायला अडीचपट मोठं दार उघडं असतं.

घामाची कमाल

आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३३ ते ३५ अंश सेल्सिअस असतं. हवा त्याहून गार असेल तर अंगातली उष्णता आपोआप बाहेर जाते. पण हवा ४० अंशांवर गेली की उलटी गंगा वाहू लागते. हवेतली उष्णताच अंगात शिरते. मग शरीरापाशी थंड व्हायचा एकच मोठा मार्ग उरतो, तो म्हणजे घाम.

घामाची ताकद पाहून थक्क व्हाल. एक लिटर घाम अंगावरून पूर्ण वाळून गेला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत घेऊन जातो. एवढ्या उष्णतेवर पावणेसहा लिटर बर्फासारखं गार पाणी उकळायला लागेल! मात्र अट एकच आहे, घाम वाळला पाहिजे. नुसता ओघळून खाली पडला तर काही उपयोग नाही. म्हणून मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत ३५ अंशांनाही जीव नकोसा होतो. हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम वाळतच नाही. भारतीय हवामान विभागही हे लक्षात घेतो. सपाटीवर पारा ४० अंशांना पोचला नाही तर उष्णतेच्या लाटेचा विचार होत नाही, किनारपट्टीवर मात्र ३७ अंशांपासूनच होतो. शिवाय तापमान नेहमीपेक्षा किती चढलंय तेही पाहिलं जातं.

आपल्या त्वचेत घामाच्या २० ते ४० लाख ग्रंथी असतात. लहान मुलांतही त्या भरपूर असतात, पण प्रत्येक ग्रंथी मोठ्यांच्या मानानं कमी घाम तयार करते. तान्ह्या बाळांची घाम गाळायची यंत्रणा तर अजून नीट बसलेलीच नसते. म्हणजे बघा, उष्णता आत शिरायचं दार मोठं आणि तिला बाहेर काढायचा मार्ग अरुंद. बाळाला ऊन लवकर बाधतं ते या दोन कारणांनी.

बातमीतलं तापमान आणि बाळाचं तापमान

"नागपूरचं आजचं कमाल तापमान ४५ अंश" असं आपण ऐकतो. हे तापमान मोजतात कुठे? वेधशाळेच्या आवारात झडपा असलेली एक पांढरी लाकडी पेटी असते. तिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, पेटीच्या सावलीत तापमापक टांगलेला असतो. म्हणजे बातमीतलं तापमान हे सावलीतलं आणि सव्वा मीटर उंचीवरचं असतं.

वर्षाच्या मुलाची उंची असते जेमतेम पाऊण मीटर. भर दुपारी डांबरी रस्ता ६० अंशांपर्यंत तापू शकतो आणि जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा जास्त गरम असते. हात धरून चालणाऱ्या छोट्याच्या नाकातोंडाशी येते ती ही हवा. आई-बाबांचा चेहरा बराच वर असतो, त्यामुळे त्यांना ती जाणवत नाही. तुम्ही स्वतः उन्हाळ्यात संध्याकाळी एकदा खाली वाकून रस्त्यावर तळहात धरून पाहा, हात न टेकवता. फरक लगेच कळेल.

बागेतली घसरगुंडी, लोखंडी झोपाळा, दुचाकीची सीट, गाडीतल्या पट्ट्याचा धातूचा खटका, हे सगळंही दुपारी भाजण्याइतकं तापतं. छोट्याला घसरगुंडीवर बसवण्याआधी आपण हात लावून पाहायचा. हात ठेवून दहा अंक मोजता आले नाहीत, तर ती घसरगुंडी आज बंद!

अहमदाबादच्या रुग्णालयाची गोष्ट

आता एक खरी घडलेली गोष्ट सांगते. मे २०१० मध्ये अहमदाबाद शहरात उष्णतेची भयंकर लाट आली. पारा ४६.८ अंशांवर गेला. शहरात शारदाबेन नावाचं मोठं रुग्णालय आहे. तिथे त्या उन्हाळ्यात नुकत्याच जन्मलेल्या बाळांपैकी काहींची अंगं तापली आणि त्यांना अतिदक्षता विभागात हलवावं लागलं. ही बाळं उन्हात गेली नव्हती. रुग्णालयाच्या छपराखाली, आईच्या कुशीत होती.

मग ती तापली कशानं? बाळंतिणींचा वॉर्ड होता इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. दिवसभर ऊन खाऊन गच्ची तापायची आणि ती उष्णता खालच्या खोलीत उतरायची. रुग्णालयानं पुढे हा वॉर्ड खालच्या मजल्यावर हलवला. डॉक्टरांनी आणि संशोधकांनी नोंदी तपासल्या, तेव्हा दोन गोष्टी समोर आल्या. एक, पारा ४२ अंशांच्या वर गेला की पुढच्या प्रत्येक अंशाला उष्णतेनं आजारी पडलेल्या बाळांची संख्या साधारण ४३ टक्क्यांनी वाढत होती. दोन, वॉर्ड खाली आणल्यावर असे आजारी पडण्याचे प्रसंग अंदाजे ६४ टक्क्यांनी घटले. नवं यंत्र नाही, महागडं औषध नाही. खाटा फक्त खालच्या मजल्यावर आल्या, आणि बाळांचं आजारी पडणं कमी झालं!

पुढे २०१३ साली अहमदाबादनं उष्णतेशी सामना करण्याचा पूर्ण आराखडाच तयार केला. दक्षिण आशियातला तो पहिला. नागपूरसह देशातल्या अनेक शहरांनी मग असे आराखडे केले.

या गोष्टीतून आपल्या घरासाठी काय घ्यायचं? वरच्या मजल्यावरची किंवा पत्र्याखालची खोली दुपारी बाळासाठी नको. घरातली सगळ्यात गार खोली शोधा, आणि बाळाची पथारी तिथे घाला. पत्र्यावर किंवा गच्चीवर पांढरा चुना फासला तर बरंच ऊन परत फिरतं आणि खोली काही अंशांनी गार राहते. उन्हाच्या बाजूच्या खिडक्यांना दुपारी पडदे लावायचे आणि संध्याकाळी वारा सुटला की सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या.

विदर्भ काय करतो?

उन्हाशी कसं वागायचं हे विदर्भातल्या माणसांना विचारावं. चंद्रपूर, नागपूर, अकोला या भागात पारा ४५ च्या पुढे जातो. मेच्या शेवटी सूर्य रोहिणी नक्षत्रात आला की नवतपा सुरू होतो, ते नऊ दिवस तर अंगाची लाही लाही करतात. म्हणून तिथल्या शाळा उन्हाळ्यात सकाळच्या होतात, आणि जूनमध्ये बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. बाहेर पडताना डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा बांधलेला असतो. चौकाचौकांत पाणपोईचे रांजण भरलेले असतात, आणि घराघरांत कूलर घरघरत असतो.

कूलरमध्येही घामाचंच तत्त्व आहे. ओल्या वाळ्यातून किंवा गवताच्या जाळीतून हवा खेचली जाते, पाणी वाळतं आणि हवा गार होते. विदर्भाच्या कोरड्या हवेत तो छान चालतो, मुंबईत मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही. एक खिडकी उघडी ठेवायला विसरू नका, नाहीतर खोलीच दमट होते आणि घाम वाळत नाही. आणि हे मात्र पक्कं लक्षात ठेवा: चालू कूलरला हात लावायचा नाही. त्यात पाणी आणि वीज शेजारी शेजारी असतात, आणि दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात. पाणी भरायचं असेल तर मोठ्यांनी आधी प्लग काढायचा. रांगणारं बाळ कूलरपाशी जाणार नाही, यावर तुमचा डोळा हवा.

बंद गाडी म्हणजे भट्टी

आता सगळ्यात धोक्याची जागा. उन्हात उभी केलेली बंद मोटार. सूर्यप्रकाश काचेतून आत येतो, सीट आणि डॅशबोर्ड तापतात. तापलेल्या वस्तूंतून निघणारी उष्णता काचेतून सहज बाहेर पडत नाही आणि गरम हवेलाही वाट मिळत नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी केलेला एक प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. बाहेर २२ ते ३५ अंश असताना बंद गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढलं. त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा थोड्याशा खाली ठेवून पाहिलं, तरी फारसा फरक पडला नाही.

म्हणजे "दोन मिनिटांत दूध घेऊन येतो" म्हणून झोपलेल्या बाळाला गाडीत ठेवून जाणं कधीच, कधीच बरोबर नाही. सावलीतही नाही आणि काच उघडी ठेवूनही नाही. लपाछपी खेळताना उभ्या गाडीत शिरायचं नाही, हाही नियम करा. दार आतून उघडलं नाही तर जिवावर बेततं. कुठे बंद गाडीत एकटं मूल दिसलं तर लाजू नका. मोठ्यानं ओरडा, माणसं गोळा करा.

बाळ बोलत नाही, पण सांगतं

बाळाला पाणी कमी पडतंय हे ओळखायच्या खुणा असतात. ओठ आणि जीभ कोरडी पडते. रडतं, पण डोळ्यांत पाणी येत नाही. डोळे खोल जातात. सहा-आठ तासांत शू होत नाही, झाली तरी गडद पिवळी. किरकिर फार करतं, किंवा उलट अगदी मलूल होऊन पडतं. दूध ओढत नाही.

आणखी एक खूण आजीला विचारा, ती म्हणेल, "टाळू बघ." बाळाच्या डोक्यावर कपाळाच्या वर एक मऊ जागा असते. तिथली कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात. साधारण दीड वर्षापर्यंत ती जागा भरून येते. शरीरातलं पाणी कमी झालं की ही टाळू खोलगट दिसते. तुम्ही ती दाबायची नाही, नुसती पाहायची. यातली कुठलीही खूण दिसली की धावत जाऊन मोठ्यांना सांगायचं, आणि मोठ्यांनी डॉक्टरांना दाखवायचं.

ताप वेगळा, ऊन लागणं वेगळं

मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा एक इवलासा भाग आहे. शरीराचं तापमान ३७ अंशांच्या आसपास राखणं हे त्याचं काम. जंतू शिरले की तो स्वतःच तापमान वाढवून ठेवतो, तो ताप. तापाच्या औषधानं तो उतरतो. ऊन लागतं तेव्हा मात्र हायपोथॅलॅमस अंग गार करायची धडपड करत असतो, पण बाहेरची उष्णता इतकी असते की त्याचं काही चालत नाही. अंग ४० अंशांच्या वर जातं. इथे तापाचं औषध चालत नाही. इथे हवं असतं पाणी आणि वारा.

अंग चटका बसेल इतकं गरम, मूल गुंगीत, उलटी किंवा झटके, असं दिसलं तर मोठ्यांनी लगेच १०८ वर फोन करायचा. रुग्णवाहिका येईपर्यंत मुलाला सावलीत न्यायचं, कपडे काढायचे, अंगभर पाणी शिंपडत पंख्यानं वारा घालत राहायचं. शुद्धीत नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

आजीचे उपाय तपासू या

कैरीचं पन्हं आणि ताक: मोठ्या मुलांसाठी फार चांगलं. घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जातं, आणि पन्ह्यात-ताकात दोन्ही मिळतं. मुलाला अशक्तपणा आला असेल तर ओआरएस द्यायचं. पाकिटावर लिहिलेलं असेल तेवढंच, नेमकं मोजलेलं पाणी घालायचं.

खिशात कांदा: खिशातल्या कांद्यानं अंग गार होत नाही. कांदा जेवणात खा, आणि डोक्यावर टोपी घाला.

तान्ह्याला घोटभर पाणी: हे करायचं नाही. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचं दूधच पुरतं, कडक उन्हाळ्यातसुद्धा. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं! फक्त ते जास्त वेळा पाजायचं. म्हणून आईच्या हाताशी पाण्याचा तांब्या भरलेला आहे ना, हे बघणं तुमचं काम.

टोपरं आणि दुपटं: थंडीत छान. उन्हाळ्यात घरात नको. बाळाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं आणि उष्णता बाहेर टाकायला ते फार उपयोगी पडतं. म्हणून घरात सुती, सैल झबलं आणि उघडं डोकं. बाहेर मात्र टोपी हवीच.

घामोळ्यांवर पावडर: घामाची छिद्रं बुजली की घामोळ्या येतात. पावडरीनं ती आणखी बुजतात, आणि पावडर बाळाच्या नाकातही जाते. गार पाण्यानं अंघोळ, अंग टिपून कोरडं करणं आणि मोकळी हवा हे पुरे.

आता तुमची पाळी

तुमच्या घरात, शेजारी किंवा अंगणवाडीत लहान बाळ असेलच. या उन्हाळ्यात त्याचे पहारेकरी व्हा. रोज सकाळी हवामान विभागाचा इशारा पाहा. पिवळा, नारिंगी की लाल, ते घरच्यांना मोठ्यानं सांगा. दुपारी १२ ते ४ बाळाला बाहेर न्यायचा बेत असेल तर "संध्याकाळी जाऊ या" असा हट्ट धरा. बाळाच्या मानेला किंवा पोटाला मधूनमधून हात लावून पाहा. गरम आणि घामेजलेलं लागलं तर एक कपडा कमी करायला सांगा. दुचाकीवरून नेताना त्याला टॉवेलात घट्ट गुंडाळलेलं दिसलं तर सांगा, सावली हवी, पण हवाही खेळती हवी.

मोठी माणसं कामाच्या गडबडीत असतात. त्यांच्या नजरेतून एखादी गोष्ट निसटू शकते. तुमच्या नजरेतून ती निसटू देऊ नका. उन्हामुळे बाळं आजारी पडतात, पण उन्हाचा आजार जवळजवळ नेहमी टाळता येतो. सावली, पाणी, मोकळी हवा आणि लक्ष ठेवणारं एक माणूस, एवढंच त्यासाठी लागतं. ते माणूस तुम्ही व्हा.